म्हातारीचा दम

पॅरिस, ३ फेब्रुवारी १९९८

प्रिय ओनोरे मामा,

आई म्हणते, मामाला फोन करू नकोस, तो उचलतो, ‘दुकान बंद झालंय’ एवढंच म्हणतो आणि ठेवून देतो. म्हणून पत्र लिहितोय. पत्राबरोबर एक जडशीळ खोकंही येतंय. माझ्या मित्राचा, बाझीलचा, चुलतभाऊ गाडी घेऊन ला रोशेलला निघालाय, तो वाटेत निओरला थांबून ते तुझ्या दारात उतरवेल. त्याला कॉफी दे, पण गप्पांत अडकवू नकोस. त्याची बायको फार ओरडते.

खोक्यात आमची म्हातारी आहे. म्हणजे आमचा सिंथेसायझर. इटलीत बनलेला, माझ्याहून एक वर्षाने मोठा. लग्नात वाजवणाऱ्या एका बँडवाल्याने मोडीत काढला होता, तो आम्ही जुन्या बाजारातून उचलला. तेव्हापासून बाझील आणि मी जे काही करतो ते तिच्या जिवावर.

आई तुला काय सांगते मला ठाऊक नाही, म्हणून खरं काय ते सांगतो. गेल्या ऑक्टोबरात आमची पहिली रेकॉर्ड निघाली. आमच्या जोडीचं नाव ‘सिझियेम’, सहावा मजला, कारण बाझीलच्या खोलीला लिफ्ट नाही आणि सगळी यंत्रं आम्ही पाठीवरून वर नेलीत. त्या रेकॉर्डवर लंडनमध्ये लोक नाचतात, बर्लिनमध्ये नाचतात. खाली सलून चालवणारी बाई आमच्याविरुद्ध पोलिसांत गेली होती, ती आता गिऱ्हाइकांना तीच रेकॉर्ड ऐकवते. इंग्रज पत्रकार विचारतात, तुमचा तो धापा टाकणारा सूर कसा काढता? आम्ही गूढ हसतो. खरं म्हणजे आम्हालाही माहीत नाही. म्हातारी वाजते तशी वाजते.

तर आता ती वाजतच नाही. शनिवारी सुरू केली, हूं की चूं नाही. फ्यूज वगैरे गेला असेल. दुसरी रेकॉर्ड ३० एप्रिलपर्यंत कंपनीच्या हातात द्यायची आहे, नाही दिली तर करार संपला असं त्यांनी स्वच्छ लिहून कळवलंय. पॅरिसमधल्या दुरुस्तीवाल्यांवर माझा विश्वास नाही. तुझ्यावर आहे.

तुझा
क्लोव्हिस

•

निओर, १९ फेब्रुवारी

चिरंजीव क्लोव्हिस,

फ्यूज! पोरा, फ्यूज बदलायला मला दोन मिनिटं लागली. म्हातारी लगेच सुरू झाली. दुसरा कुणी असता तर तिथेच खोकं बांधून मोकळा झाला असता. पण मी बेचाळीस वर्षं निओरचे रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केलेत. मी तिची पाठ उघडली.

काय सांगू तुला! आत लग्नांत उधळलेले तांदूळ होते, मूठभर. पाहुण्यांना वाटतात तसली एक बदामाची गोळी होती, गुलाबी. आणि वीज साठवणारे सतरा कपॅसिटर, जेवून उठलेल्या वकिलांसारखे फुगलेले! असल्या अवस्थेत ही बाई उभी कशी राहिली देव जाणे. मी सतराच्या सतरा बदलले. जिथे जिथे डाख सुटत आला होता तिथे नवा दिला. पट्ट्यांखालचे सगळे संपर्क घासूनपुसून लखलखीत केले. मग तुझ्या ओदेत मामीचा तो सूर लावायचा काटा, चर्चच्या गायकवृंदातला, ड्रॉवरमधून काढला आणि एकेक सूर त्याच्याशी जुळवून घेतला.

तिला एक वाईट खोडही होती. जोराचा ठोका आला की सूर खाली बसायचा आणि मग हळूहळू वर चढायचा. वीज पुरत नव्हती बिचारीला. तेही मी मुळापासून काढून टाकलंय. आता ती शाळेच्या फूटपट्टीसारखी सरळ गाते.

सोळा दिवस लागले. दुकानाचं शटर मी दोन वर्षांनी वर केलं, आधी तेल घालावं लागलं. बेकरीवाली पिनो बाई रस्ता ओलांडून बघायला आली, म्हणाली, ‘काय मस्यू ब्रिसोनो, चोर शिरले की काय?’ मी म्हटलं, ‘नाही, गिऱ्हाईक आलंय, पॅरिसचं.’

बाझीलच्या भावाबरोबर परत पाठवतो आहे. तो इथे दोन तास बसला आणि बकरीचं अख्खं चीज संपवून गेला. गप्पांत मी त्याला अडकवलं नाही, त्याने मला अडकवलं.

तुझा
ओनोरे मामा

•

पॅरिस, २७ फेब्रुवारी

प्रिय मामा,

म्हातारी सुखरूप पोचली. इतकी चकचकीत झालीय की आम्ही आधी ओळखलीच नाही. तुझे आभार कसे मानू कळत नाही. बाझीलने पहिला सूर वाजवला आणि त्याला बोलताच येईना. बराच वेळ तो खिडकीशी जाऊन उभा राहिला.

काम चालू आहे. इथे पाऊस आहे.

तुझा
क्लोव्हिस

•

निओर, ५ मार्च

चिरंजीव क्लोव्हिस,

बाझीलला बोलता येईना, हे वाक्य मी पिनो बाईला मोठ्याने वाचून दाखवलं. मग भाजीबाजारात टेलरला आणि मग, खरं सांगतो, कब्रस्तानात जाऊन ओदेतलाही. ती गेल्यापासून तिला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नसायचं. हवा कशी आहे हे सांगायचो आणि परत यायचो.

आता ऐक. मी दुकानाची काच धुतली आहे. तुमच्याकडे आणखी काय काय जुनाट आहे ते सगळं पाठवून द्या. बाझीलच्या भावाने सांगितलं, ताल धरणारं एक यंत्र आहे आणि ते थंडीत अडखळतं. पाठव, मी त्याचं अडखळणं घालवतो. एक टेपरेकॉर्डर म्हणे घरघरतो. तोही पाठव. घरघर तर माझ्या डाव्या हातचा मळ!

पिनो बाईच्या मुलाकडे तुमची रेकॉर्ड आहे म्हणे. ऐकायला घेऊन येऊ का, असं तो विचारत होता. मी म्हटलं, कशाला? मी तिला आतून बघितलंय.

तुझा
ओनोरे मामा

ता. क. तुझं पत्र फार छोटं होतं. काम जास्त आहे हे समजतो. पण नीट जेव.

•

पॅरिस, ११ मार्च

मस्यू ब्रिसोनो यांस,

आपली भेट एकदाच झाली आहे, क्लोव्हिसच्या बहिणीच्या लग्नात. मी तो, ज्याने तुमच्या पँटवर वाइन सांडली.

हे पत्र मी क्लोव्हिसला न सांगता लिहितो आहे. त्याला कळलं तर तो मला खिडकीतून खाली फेकेल, आणि आम्ही सहाव्या मजल्यावर आहोत. पण तुमचं शेवटचं पत्र आल्यापासून तो ते खिशात घेऊन फिरतोय आणि ताल धरणारं यंत्र त्याने खरोखर पुठ्ठ्यात बांधायला घेतलंय. म्हणून स्पष्टच लिहितो.

म्हातारी मेली, मस्यू. ती चालते, सगळे सूर बरोबर लागतात, आणि ती मेली आहे. ती जी धाप तुम्ही मुळापासून काढलीत, तेच आमचं संगीत होतं. तो बिघाड होता हे आम्हालाही माहीत नव्हतं. आम्हाला वाटायचं, तो तिचा स्वभाव आहे. दोन आठवडे झाले, आम्ही काहीही वाजवलं तरी बँकेत फोनवर थांबवून ठेवतात तेव्हा लागतं तसलं काहीतरी निघतं. क्लोव्हिस तुम्हाला हे कधीच सांगणार नाही. म्हणतो, मामाने दोन वर्षांनी शटर उघडलंय, मी ते परत पाडणार नाही, त्यापेक्षा रेकॉर्ड गेली खड्ड्यात.

मला तुमच्याबद्दल आदर आहे, पण मला रेकॉर्डही हवी आहे. मी चार वर्षं कपड्याच्या दुकानात उभं राहून हे केलंय. सोबत कॅसेट आहे. पहिल्या बाजूला एक गाणं, दुसऱ्या बाजूला तेच गाणं तुमच्या दुरुस्तीनंतर. तुम्ही तिला उघडण्याआधी एकदा तरी वाजवून ऐकली होती का, एवढंच मला विचारायचं होतं.

आपला
बाझील

•

निओर, १४ मार्च

क्लोव्हिस,

तुझ्या मित्राचं पत्र आलं. त्याला खिडकीतून फेकू नकोस, तुमच्या दोघांत खरं बोलणारा तेवढा एकच आहे.

मी आधी रागावलो. खूप. कॅसेट ब्रेडच्या डब्यात ठेवली आणि फिरायला गेलो. नदीपर्यंत जाऊन आलो. मग स्वयंपाकघरातल्या ओदेतच्या छोट्या टेपवर ती लावली. पहिली बाजू. मग दुसरी. मग परत पहिली.

मला तुमच्या संगीतातलं काही कळत नाही. एकच गोष्ट एवढ्या वेळा का सांगता, एकदा सांगितली की समजते. पण पहिल्या बाजूला कुणीतरी जिना चढतंय. ओझं घेऊन चढतंय, प्रत्येक पायरीला बसल्यासारखं होतंय, आणि तरी चढतंय, वर हसत. दुसऱ्या बाजूला कुणीच नाही. लिफ्ट आहे. ती लिफ्ट मी बसवली.

बाझीलला सांग, नाही. नव्हती ऐकली. बेचाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला मी विचारलं नाही की बाबा, यात तुला आवडतं काय. ते काम ओदेत काउंटरवर करायची आणि मला वाटायचं, उगाच वेळ घालवते.

आणि आता तुझ्याकडे वळतो. खोटं कशाला लिहिलंस? मामा काय काचेचा आहे? मी इकडे तुझं पत्र घेऊन गावभर मिरवलो! टेलरला सांगितलं! आता त्याच्या दुकानासमोरून जायला नको म्हणून मी मोठा वळसा घालून भाजी आणतो.

म्हातारी परत पाठव. लगेच. तिला मी नीट केलं, आता मीच बिघडवीन.

ओनोरे

•

पॅरिस, १७ मार्च

प्रिय मामा,

म्हातारी उद्या निघते. बाझीलच्या भावाने आनंदाने उडीच मारली, चीजसाठी असावी.

मी चुकलो. मामीच्या अंत्यविधीनंतर तू दुकानात एकटाच बसला होतास, दिवे न लावता, आणि एकही यंत्र चालू नव्हतं. मी तुझ्या दुकानात लहानाचा मोठा झालो, तिथे एकाच वेळी सहा रेडिओ बोलत असायचे. ती शांतता मला सहन झाली नाही आणि मी आगगाडीचं निमित्त सांगून पळालो. म्हणून तुझं पहिलं पत्र वाचून मला इतका आनंद झाला की खरं लिहायला हात धजेना. तू रागावलास ते बरोबरच आहे.

काल कंपनीचा माणूस येऊन ऐकून गेला. पाय हलवत होता म्हणून आशा वाटली, पण त्याच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. म्हणाला, ‘छान, स्वच्छ आहे. हे कुणाचं?’ मामा, आमच्याच खोलीत बसून त्याने विचारलं, हे कुणाचं!

आज तारीख सतरा. काही झालं नाही तरी मी तुला दोष देणार नाही. बाझील देईल, पण तो सगळ्यांनाच देतो.

तुझा
क्लोव्हिस

•

निओर, ६ एप्रिल

चिरंजीव क्लोव्हिस,

माणसाला दुरुस्ती शिकवणाऱ्या शाळा आहेत. बिघडवायला कुणी शिकवत नाही. माझ्या नाकी नऊ आले.

पहिल्यांदा वाटलं, सोपं आहे. जुने सतरा कपॅसिटर मी बिस्किटाच्या डब्यात ठेवले होते. काढलेला भाग वर्षभर फेकायचा नाही, हा आमच्या धंद्यातला नेम, गिऱ्हाइकाने मागितला तर दाखवता आला पाहिजे. ते परत बसवले. डाख देताना चौघांनी मान टाकली, उरलेले रुसले. म्हातारी धापा टाकायच्या ऐवजी शिंकू लागली.

मग नवे कपॅसिटर जुने करायला घेतले. आठ दिवस तळघरात ठेवले, बटाट्यांशेजारी. काही नाही. सूपच्या पातेल्यावर वाफ दिली. काही नाही, सूपला मात्र वास आला. चुकीच्या मापाचे बसवले, तर ती गायीसारखी हंबरली आणि पिनो बाईचा मुलगा धावत आला. तो आता रोज येतो, स्टुलावर बसतो आणि मान हलवतो. ‘नाही मस्यू, हे सहा मजले नाहीत, हे फार तर दोन.’ एकोणीस वर्षांचा आहे आणि मला नापास करतोय!

चौदाव्या दिवशी मी हात टेकले. जुना बिघाड परत येत नाही, पोरा. तो वीस वर्षांत झाला होता, इटलीतल्या उन्हाने, बँडवाल्याच्या गाडीतल्या धक्क्यांनी. तो मी तीन आठवड्यांत बनवू शकत नाही, आणि कुणीच बनवू शकत नाही. हे तुला लिहायला बसलो होतो. पत्र अर्धं झालं होतं.

तेवढ्यात पलीकडे पिनो बाईने भट्टी लावली आणि माझ्या दुकानातला दिवा मंद झाला. रोज होतो. बेचाळीस वर्षं मी त्याबद्दल वीज कंपनीला तक्रारी लिहितोय. त्या दिवशी मात्र तक्रार न लिहिता दिव्याकडे बघत बसलो. म्हातारीला धाप का लागायची? वीज कमी पडायची म्हणून. मग तिच्यात काही बिघडवायचंच कशाला? तिला सगळं ठणठणीत ठेवून नुसतं उपाशी ठेवलं तर?

मी तिच्या वीजपुरवठ्याच्या वाटेवर एक कळ बसवली, पुढे उजव्या हाताला. जुन्या रेडिओची आहे, मोठी, तपकिरी. डावीकडे फिरवली की पोटभर वीज, फूटपट्टी. उजवीकडे नेत जाशील तसा तिचा दम कमी होत जाईल. पहिला मजला, दुसरा, तिसरा. पार उजवीकडे नेलीस तर ती खाली बसते आणि रडते, तिथे सांभाळून. पिनोच्या मुलाने डोळे मिटून ऐकलं, म्हणाला, ‘आठ मजले, मस्यू.’

हा तुमचा जुना आवाज नाही. हे आधीच सांगतो, नंतर खिडकीशी जाऊन उभे राहू नका. आवडला नाही तर लिहा. खरं लिहा.

तुझा
ओनोरे मामा

•

पॅरिस, १३ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

मामा!

खरं लिहितो. शपथेवर लिहितो. बाझील शेजारी बसलाय आणि प्रत्येक ओळ तपासतोय.

पहिल्यांदा मी कळ पार डावीकडे ठेवून वाजवलं, बाझीलने तोंड वाकडं केलं. मग त्याने हात पुढे केला आणि ती फिरवायला लागला, मी वाजवतोय आणि तो फिरवतोय. मामा, म्हातारी धापा टाकायला लागली. पण पूर्वी ती तिला वाटेल तेव्हा दमायची आणि आम्ही तिच्या मागे फरफटत जायचो. आता ती आमच्या हाताने दमते. मध्ये थांबते. एका ठिकाणी बाझीलने कळ अगदी हळू डावीकडे आणली आणि असं वाटलं, कुणीतरी शेवटची पायरी चढून दार उघडलं. या खेपेला बाझील खिडकीशी गेला नाही. पलंगाखालून चॉकलेटचं अंडं काढून त्याने मला अर्धं दिलं, आणि हे त्याने चार वर्षांत कधीही केलेलं नाही.

चार दिवसांत पाच गाणी झाली. खालच्या सलूनवालीने परत पोलिसांना बोलावलं, म्हणजे काम बरोबर चाललंय. कंपनीच्या माणसाला फोनवरच ऐकवलं. तो म्हणाला, ‘हे तुम्हीच, हो ना?’

बाझील लिहितो: मस्यू, पँटबद्दल माफ करा. आणि त्या प्रश्नाबद्दलही.

तुझा
क्लोव्हिस

•

पॅरिस, २ ऑक्टोबर

प्रिय मामा,

रेकॉर्ड पाठवतो आहे, दुकानात पोचलेली नाही अजून, तुझी पहिली. मागची बाजू बघ, खाली बारीक अक्षरांत. आम्ही कंपनीशी दोन आठवडे भांडलो. ते म्हणत होते, असं कुणी लिहीत नाही.

‘संगीत: क्लोव्हिस आणि बाझील. बिघाड: ओनोरे ब्रिसोनो, निओर.’

तुझा
क्लोव्हिस

•

निओर, ९ डिसेंबर

चिरंजीव क्लोव्हिस,

उत्तराला उशीर झाला, कारण तुम्ही दोघांनी मला कामाला लावलंय.

रेकॉर्ड आली तेव्हा मी ती बारीक अक्षरं भिंगाखाली वाचली आणि आधी शिव्या घातल्या. आयुष्यभर नाव कमावलं दुरुस्तीवर, आणि अख्ख्या फ्रान्सला काय कळणार, तर हा बिघडवतो! मग मी ती घेऊन टेलरकडे गेलो. वळसा न घालता. त्याने वाचलं, चष्मा काढला आणि माझ्याशी हस्तांदोलन केलं. ओदेतलाही जाऊन दाखवली. बराच वेळ बोललो, हवेचा विषय निघालाच नाही.

रेकॉर्ड दुकानांत पोचली आणि पुढच्याच आठवड्यात बोर्दोहून दोघं आले. काखेत नवीकोरी जपानी यंत्रं, काही म्हणजे काही झालेलं नाही. म्हणे, ‘मस्यू, ही जरा बिघडवून द्याल का?’ मग तूर शहरातून एक जण. मग एक बेल्जियन, तो आठ तास गाडी चालवत आला. सगळ्यांना दम लागणारी यंत्रं पाहिजेत. मी प्रत्येकाला विचारतो, किती मजले? आता दुकानात एकाच वेळी पाच यंत्रं धापा टाकत असतात आणि पिनो बाई म्हणते की हे दवाखान्यासारखं वाटतं. तिचा मुलगा काउंटर सांभाळतो. तो विचारतो, ‘यात तुम्हाला आवडतं काय?’ आणि लोक बोलत बसतात, आणि मी आतून ऐकतो.

पण लिहायला बसलो ते परवाची गोष्ट सांगायला. नाँतहून एक मुलगी आली. डोकं पार तासलेलं, कडेवर जुना ऑर्गन, आजोळच्या चर्चमधला. ही पहिलीच, जिचं यंत्र खरोखर बिघडलेलं होतं. एक पट्टी दाबली की शेजारची दुसरी आपोआप हळूच वाजायची, कुणीतरी मागून हुंकार द्यावा तशी. म्हणाली, ‘एवढं नीट करून द्या, सगळे म्हणतात चुकीचं आहे.’ मला दिसतच होतं काय झालंय ते. एक तार सैल होती, दोन मिनिटांचं काम. हात शिवशिवले माझे, खोटं नाही सांगत. स्क्रू ड्रायव्हर हातात होता.

मी तिला म्हटलं, ‘बस. आधी वाजव.’

तिने अर्धा तास वाजवलं. पिनोचा मुलगा काउंटर सोडून आत आला. मग मी ऑर्गनची पाठ न उघडताच त्याला दोरी बांधली, गाडीत नेऊन ठेवला आणि तिला बजावलं, कुणी कितीही शहाणा भेटला तरी याला हात लावू द्यायचा नाही, माझ्यासारख्याला तर मुळीच नाही.

तुझा
ओनोरे मामा